भाऊबीजेचं तेल

नीउ-व्हेनेप
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ईशान,

फोनवर तुझा आवाज तुटतो आणि इथे घरात सगळ्यांचे कान उभे असतात, म्हणून ईमेलवरच हे पत्र. हूफडॉर्पच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय. समोर डच मंडळी थंड ब्रेडवर चीज ठेवून खातायत आणि माझ्यापुढे नुसती मारी बिस्किटं. पोटाचं जरा बिनसलंय. फोडणीचा वास आला की मळमळतं, त्यामुळे सध्या ओटा सासूबाईंच्या ताब्यात आहे. त्या दिवाळीसाठी साताऱ्याहून आल्या आणि आल्या दिवशीच माझ्या सायकलला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणतात, वारा फार आहे. अरे, या गावात वारा नसतो कधी?

असो. मुद्दा माझा नाही, तुझा आहे. पुण्यात साथीच्या रोगांवरची बरी नोकरी होती, ती सोडून बुरुंडीला गेलास. ऑगस्टपासून बातम्यांत त्या एमपॉक्सचा, जुन्या मंकीपॉक्सचा, नकाशा दाखवतात. काँगो लाल, शेजारचं बुरुंडी लाल, आणि त्या लाल रंगात माझा भाऊ घरोघर फिरतोय. तुझा दाजी शैलेंद्र म्हणतो, एमपॉक्सने मोठी माणसं सहसा दगावत नाहीत. या 'सहसा'चीच मला भीती वाटते. कोरोनात बाबांच्या वेळीही सगळे 'सहसा'च म्हणत होते, आणि तू फोनवर 'बरे आहेत, आज पेज घेतली' म्हणत राहिलास. विमानं बंद होती, मला मिरजेला येता आलं नसतं हे खरं. पण खरं कळलं असतं तर निदान त्यांच्याशी दोन शब्द बोलले असते.

तुझं हे असंच. चांगली बातमी असली की तोंडात तीळ भिजत नाही, वाईट असली की तोंडाला टाळं. दोन वर्षांपूर्वी माझी गोड बातमी तूच सगळ्या मिरजेला कळवलीस. पुढे ते राहिलं नाही, तेव्हा एकेकाला मला सांगावं लागलं.

रागावले नाहीये. भाऊबीजेला ये. ब्रसेल्सला उतर, तिथून ट्रेन आहे. इतकी वर्षं झाली, तुला ओवाळलेलं नाही.

तुझी,
ताई


बुजुम्बुरा
११ ऑक्टोबर २०२४

ताई,

साष्टांग नमस्कार. देशात पेट्रोल नाही, त्यामुळे आम्ही सगळे जमिनीवरच आहोत. आमच्या पथकाची गाडी रांगेत उभी असते आणि आम्ही पायी फिरतो. बरोबर इमाक्युली असते. इथली नर्स आहे, वयाने तुझ्याएवढी आणि तुझ्याचसारखी सतत दटावणारी.

काम सांगतो, म्हणजे तुझा नकाशा जरा कमी लाल होईल. एखाद्याला एमपॉक्स झाला की आम्ही त्याच्या घरी जातो. कुणाच्या अंथरुणावर झोपलात, कुणाला आंघोळ घातलीत, कुणाचे कपडे धुतलेत, घरात कुणी गरोदर आहे का, असं सगळं विचारतो. मग त्या माणसांकडे तीन आठवडे रोज फेरी. शेवटचा प्रश्न इमाक्युली विचारते. तेव्हा मी पाठ फिरवून अंगणात कोंबड्या बघत उभा राहतो. मिरजेचा संस्कार, काय करणार! ती मला हसते.

संध्याकाळी दुसरं काम. सरोवराच्या पलीकडे काँगोतलं उविरा. तिथली बाई इथे मासे विकायला येते, इथला मुलगा तिकडे सोन्याच्या खाणीवर जातो. रोगाला सीमा कळत नाही, आणि दोन्हीकडच्या याद्यांत एकाच माणसाची नावं तीन तऱ्हेने लिहिलेली असतात. ती जुळवायची, युगांडा, केनियाच्या लोकांशी बोलायचं, पुढे कुठे निघेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी कळतं, एखाद्या तापलेल्या पोराच्या रूपाने.

मी सगळी काळजी घेतो. लस मात्र अजून मिळालेली नाही. पुण्यात नव्हती आणि इथे यायची आहे.

ॲसिडिटीवर ताक घे. येतोय मी. चकली माझ्यासाठी वेगळी काढून ठेव, दाजींच्या हाती लागली तर संपली.

ईशान


नीउ-व्हेनेप
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय ईशान,

येतोयस हे वाचून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. निषाद शाळेत सांगत सुटलाय की त्याचा मामा आफ्रिकेतून येतोय आणि त्याने सिंह पाहिलाय. मी म्हटलं, अरे, मामा आजारी माणसं बघतो. तर डचमधून म्हणाला, हे सिंहाइतकं भारी नाही. मराठी सगळं कळतं त्याला, उत्तर मात्र कधी मराठीत येत नाही.

एक विचारू? सहजच. ते गरोदर बायकांचं का विचारता रे? बाकीचं समजलं, अंथरुणाचं वगैरे. पण ते का? त्यांना काही वेगळं होतं का? सहज आपलं. ऑफिसात एक मैत्रीण आहे तशी, ती बातम्या वाचून घाबरते.

ताक घेतलं. राहिलं नाही पोटात.

ताई


बुजुम्बुरा
२९ ऑक्टोबर २०२४

ताई,

उशीर झाला उत्तराला. गेला आठवडा वाईट होता. गावाच्या कडेला एक घर आहे, शांताल नावाची बाई, ॲव्होकॅडो विकते. तिला दवाखान्यात हलवताना तिचा धाकटा, एलॉय, रडत माझ्या गळ्यात पडला आणि सोडेचना. तीन वर्षांचं पोर. शेवटी त्याला तसंच कडेवर घेऊन मी आवारभर फिरत राहिलो. असो. आता मला चार दिवस या कशाचाही विचार करायचा नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग, हॉलंडमध्ये बसून घाबरायचं काही कारण नाही. बाकी दिवाळीच्या तोंडावर असले विषय नकोत. तुला माहितेय, मी एकदा बोलायला लागलो की व्याख्यानच होतं.

शनिवारी पोचतो. ब्रसेल्सहून ट्रेनने स्कीपोल स्टेशनला उतरेन, घ्यायला ये. ते शक्य नसेल तर दाजींना पाठव, पण तूच ये.

ईशान


नीउ-व्हेनेप
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ईशान,

पोचल्याचा मेसेज मिळाला. घर एकदम रिकामं झालंय. निषाद काल तुझ्या उशीवरच झोपला, अभ्रा बदलू देत नाही. 'मामाचा वास' म्हणाला, आणि काय सांगू, मराठीत म्हणाला.

मला अजून हसू येतंय. शॉवरच्या त्या काचेच्या कपाटात पाट मावेना, म्हणून तुला निषादच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. पुढे आलेलं तुझं ते पोट आणि खाली ते बदकाचं चित्र असलेलं स्टूल! पाठीला तेल चोळताना वाटलं, हाडं लागतायत याची, पोट कुठून आलं? मानेवर एक लाल फोड दिसला होता, आठवतं? मी म्हटलं, तिकडचे डास थेट इथपर्यंत घेऊन आलास. खाजवू नकोस म्हणून त्यावर चांगलं तेल जिरवलंय, बसला असेल आता.

ओवाळताना तू डोळे पुसलेस ते मी पाहिलं. बाबांची आठवण आली ना? मलाही.

तुला एक सांगायचं होतं. सांगितलं नाही. सांगेन डिसेंबरात, सगळं नीट असलं तर. उगाच तर्क लढवत बसू नकोस.

ताई


बुजुम्बुरा
८ नोव्हेंबर २०२४

ताई,

घाबरू नकोस. मला परवापासून ताप आहे. मलेरियाही असू शकेल, इथे सगळ्यांनाच होतो. पण काल हातावर फोड दिसले, म्हणून नमुना पाठवलाय. निकाल उद्या.

तोवर काही गोष्टी विचारतो आणि सांगतो, शांतपणे वाच. मी झोपलो ती चादर, अभ्रे, टॉवेल कुणी धुतले? धुतले नसतील तर हातमोजे घालून साठ डिग्रीवर लाव. निषाद माझ्या कुशीत दोन रात्री झोपला. त्याचा ताप बघत जा, अंगावर काही उठलं तर लगेच फोन कर. दाजींनी माझा रेझर वापरला का? तुझ्या सासूबाईंच्या, शोभाकाकूंच्या, मी पाया पडलो, एवढंच. तू तेल लावलंस तेव्हा हाताला कुठे चीर, जखम होती का? आपल्या घरच्या डॉक्टरांना आणि जीजीडीला, म्हणजे तिथल्या आरोग्यखात्याला, आजच फोन करून सगळं सांग. ती चांगली माणसं आहेत, घाबरवणार नाहीत.

बहुधा मलेरियाच असेल.

ईशान


नीउ-व्हेनेप
८ नोव्हेंबर २०२४

ईशान,

'घाबरू नकोस' असं सुरू होणारं पत्र माणसाने घाबरण्यासाठीच लिहिलेलं असतं.

चादर मी धुतली. हातांनी गोळा केली, हुंगलीसुद्धा, वेड्यासारखी. अभ्र्यावर निषाद झोपतो. बोटाला चीर होती, चकलीच्या साच्याची.

तू सगळं विचारलंस. घरोघर जाऊन विचारता तो एक प्रश्न तेवढा विचारला नाहीस. आणि का विचारला नाहीस तेही कळतं मला. भाऊ आहेस, तू कसा विचारणार! आणि मी तरी काय केलं? सासूबाई म्हणाल्या, मागच्या वेळी बोभाटा झाला आणि दृष्ट लागली, या वेळी तीन महिने भरेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मलाही तेच हवं होतं. मागच्या खेपेसारखं पुन्हा एकेकाला सांगत बसायचं नव्हतं.

आहे, ईशान. तिसरा लागलाय.

मघापासून हात पुन्हापुन्हा धुतेय. या हातांनी तुझ्या मानेवर तेल जिरवलं. मैत्रीण वगैरे कुणी नव्हती, मीच होते. विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?

आता खरं लिही. बाबांच्या वेळेसारखं नको. काय होतं अशा बायकांना?

ताई


बुजुम्बुरा
९ नोव्हेंबर २०२४

ताई,

एमपॉक्सच आहे.

आता खरं लिहितो. एलॉय माझ्या गळ्यात पडला तेव्हा मी हातमोजे काढले होते, उकाड्याने. दोन दिवसांनी त्याची चाचणी आली, त्यालाही झाला होता. नियमाप्रमाणे मी माझं नाव संपर्कात आलेल्यांमध्ये घालायला हवं होतं आणि तीन आठवडे कुठेही जायला नको होतं. दुसऱ्या कुणाला मी दारातून बाहेर पडू दिलं नसतं. स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. ताप नाही, फोड नाही, तिकीट हातात, आणि ताई वाट बघतेय. माझी मी समजूत काढली. मानेवरचा तो फोड डासाचा होता की नव्हता, मला सांगता येत नाही. अगदी शपथेवरही नाही.

तू विचारलंस ते. आईला ताप आणि फोड येतात, ती बहुतेक वेळा बरी होते. पण पोटातल्या बाळापर्यंत हा आजार पोचू शकतो. बाळ पोटातच जाऊ शकतं. किती जणींचं जातं हे नीट कुणालाच माहीत नाही, कारण कुणी नीट मोजलंच नाही. आम्ही आता मोजतोय. म्हणून तो प्रश्न.

लागण झाली असेलच असं नाही. लस लगेच घेतली तर उपयोग होऊ शकतो, गरोदरपणात देता येते. जीजीडीला पुन्हा फोन कर, अगदी आत्ता, आणि पहिलं वाक्य तेच सांग, मी गरोदर आहे. निषादपासून लांब राहा. मला माहितेय मी काय सांगतोय ते. पण त्याला झालं असलं तर तो आधी तुलाच देईल.

ताई, मला क्षमा कर असं लिहिणार होतो. ते नंतर. आधी फोन.

ईशान


नीउ-व्हेनेप
१३ नोव्हेंबर २०२४

ईशान,

माळ्यावरच्या खोलीतून लिहितेय. खाली निषाद आहे. आम्ही एका घरात आहोत आणि मी त्याला शिवू शकत नाही.

फोनवरच्या बाईने सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, 'किती आठवडे झाले?' परक्या भाषेत, परक्या बाईला मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. लस घेतली. हात दुखतोय. मला वाटायचं लस घेतली की भीती जाईल, पण ती जागच्या जागी आहे. रोज उठते ती आरशासमोर. तळवे बघते, जीभ बघते, पाठ बघायला फोन मागे धरून फोटो काढते. तीळसुद्धा नवा वाटतो.

शैलेंद्र तुझं नाव काढत नाही. काढलं तर काय बोलेल याची त्यालाच धास्ती असावी. शाळेला कळवलं, ऑफिसला कळवलं. तीन महिने ज्यांना सांगायचं नव्हतं त्या सगळ्यांना पाच दिवसांत कळलं.

जेवण सासूबाई आणतात. शैलेंद्रने अडवलं तर त्यांनी ब्लाउजची बाही वर केली आणि दंड त्याच्या नाकासमोर धरला. लहानपणी देवीची लस टोचलेली, रुपयाएवढा वण आहे. म्हणाल्या, 'या घरात हे माझ्याकडेच आहे. बाजूला हो.' मी जीजीडीच्या बाईला विचारलं, तिने सांगितलं की देवीच्या त्या जुन्या लसीने एमपॉक्सपासूनही बऱ्यापैकी संरक्षण राहतं. तेव्हापासून घरात सासूबाईंचंच राज्य. मला म्हणाल्या, 'गप्प राहा म्हणणारी मीच ना गं?' आणि ताट ठेवून तशाच जिन्यावर बसून राहिल्या.

परवा सिंट मार्टेन होता. संध्याकाळी सगळी पोरं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत खाऊ मागतात. निषादला बाहेर नेता येईना. तर तो कंदील घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि मला वर ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडून गायला. मी वरून चॉकलेट टाकलं. वर येऊ का, विचारलं त्याने. मी नाही म्हटलं.

आज सकाळी त्याला ताप आहे. दुपारी सासूबाईंनी खालून हाक मारली. पोटावर फोड आलेत, पाण्याने भरलेले. माणसं येऊन नमुना घेऊन गेली. वरून त्याचं रडणं ऐकू येतंय, आणि मी दाराची कडी आतून लावून बसलेय, कारण नाहीतर मी खाली जाईन.

तुला रागाने काही लिहायचं होतं. शक्ती नाही.

ताई


बुजुम्बुरा
१४ नोव्हेंबर २०२४

ताई,

निषादचं कळव. एक शब्द पुरे.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो, आणि लिहावं की नाही ते मला अजूनही कळत नाही. मी ज्या वॉर्डात आहे तिथे मध्ये ताडपत्रीचा पडदा आहे, पलीकडे बायका. शांताल तिथेच आहे, एलॉयची आई. पाचवा महिना होता तिला. काल ते गेलं. ती ओरडली नाही. इमाक्युली तिच्यापाशी बसून होती आणि मी पडद्याच्या या बाजूला, पहिल्यांदाच कोंबड्या बघायला कुठे जाता येत नव्हतं.

एलॉय बरा होतोय. माझाही ताप उतरलाय. गिळताना घसा दुखतो, एवढंच.

तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला अजून काही झालेलं नाही, लस वेळेत मिळाली आहे. हे समजूत काढायला लिहीत नाही. खरंच वेगळी आहे.

ईशान


नीउ-व्हेनेप
१६ नोव्हेंबर २०२४

ईशान,

निषादला कांजिण्या आहेत. साध्या, शाळेतून आलेल्या कांजिण्या! इथे पोरांना त्याची लस देत नाहीत, दर वर्षी अर्धा वर्ग पडतो म्हणे. पोराच्या अंगभर कांजिण्या फुटल्या म्हणून आनंदाने रडणारं हे जगातलं एकमेव घर असेल. शैलेंद्रने जिन्यातूनच मला ती बातमी दोनदा ओरडून सांगितली. सासूबाईंनी रीतीप्रमाणे फोडणी बंद केली, आणि कडुलिंब कुठे मिळतो म्हणून आल्बर्ट हाइन सुपरमार्केटात विचारून आल्या. त्यांना तिथे पुदिना दिला.

मला धोका नाही, आपल्या दोघांना मिरजेत एकदमच झाल्या होत्या. डॉक्टरांनी तरी रक्त तपासलं, ते ठीक आहे. पण तुझ्यापासूनचे तीन आठवडे अजून सरलेले नाहीत, म्हणून मी वरच.

तुझं पत्र वाचलं. शांतालचं. सगळं खरं लिही असं मीच म्हटलं होतं, म्हणून तुला काही बोलता येत नाही. पण काल संध्याकाळपासून माझ्या ओटीपोटात दुखतंय. भीतीने असेल. थांबते, कुणाला तरी हाक मारते.

ताई


बुजुम्बुरा
१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

फोन लागत नाही. दाजी उचलत नाहीत. काय झालं?

ईशान


बुजुम्बुरा
२३ नोव्हेंबर २०२४

ताई,

दाजींचा मेसेज आला. 'हॉस्पिटलमध्ये होती, आता घरी आहे, तिला त्रास देऊ नकोस.' एवढाच. मी तो इतक्या वेळा वाचलाय की आता त्याचा काही अर्थच लागत नाही. घरी आहे म्हणजे काय? कशी घरी आहे?

मी बरा आहे, खपल्या पडतायत. आमच्या पथकप्रमुखांना मी सगळं सांगितलं, माझ्या प्रवासाचं, हातमोज्याचं. कामावरून काढतील किंवा नाही. काढलं तर ते योग्यच असेल.

मी ते शांतालचं लिहायला नको होतं का? बाबांच्या वेळी गप्प राहिलो ते चुकलं, आता बोललो तर हे. कधी बोलावं आणि कधी नाही हे कुणी शिकवलं नाही गं आपल्याला. तू पत्र लिहू नकोस वाटलं तर. पण शोभाकाकूंना सांग, एक ओळ लिहायला.

मला भीती वाटते, ताई. पहिल्यांदाच लिहितोय हे. इथल्या कुठल्याच घरात शिरताना इतकी वाटली नव्हती.

ईशान


नीउ-व्हेनेप
२८ नोव्हेंबर २०२४

ईशान,

रक्तस्राव झाला होता. त्या दिवशी पत्र पुरं केलं आणि उठले तर साडीला... पंजाबी ड्रेसला, साडी कुठली इथे. मला वाटलं, संपलं. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. हॉस्पिटलात एका बाजूच्या खोलीत ठेवलं, सगळ्या नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, नुसते डोळे दिसत होते. अंगावर फोड नव्हते, तपासण्या निर्मळ आल्या. रक्त हळूहळू थांबलं. कशाने झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही. होतं म्हणाले कधीकधी. त्या वेळी सोनोग्राफीत काही नीट दिसलं नाही. म्हणाले, पडून राहा, पुन्हा बघू.

म्हणून पत्र नाही लिहिलं. रागाने नाही. सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. 'आहे' लिहू की 'नाही', मलाच माहीत नव्हतं.

काल पुन्हा सोनोग्राफी झाली. शैलेंद्रला ताप होता, साधा सर्दीचा, तरी त्याला आत सोडलं नाही. सासूबाई आल्या बरोबर. मी टेबलावर पडले आणि भिंतीकडे तोंड केलं. ती तपासणारी मुलगी डचमधून म्हणत होती, बघा ना, इकडे बघा. मी बघितलं नाही. मला ती रिकामी काळी जागा पुन्हा बघायची नव्हती. तिने यंत्राचा पडदा वळवला तरी मी डोळे मिटून घेतले.

सासूबाईंना डचचं एक अक्षर येत नाही. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर केला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेर बसलेली माणसं दचकली असतील.

'अगं आसावरी, हात हलवतंय!'

मग मी बघितलं. हलवत होतं, ईशान. रागावून काहीतरी झटकावं तसं. ती मुलगी हसायला लागली आणि सासूबाईंनी तिचे झाकलेले हात हातात धरले, ती सोडवून घेईना. मी इतकी रडले की तिला मापं घेता येईनात. घरी येताना बसमध्ये सासूबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला पोटाकडे बोट दाखवून मराठीतच सगळी कथा सांगितली.

सुईणबाई म्हणाली, अजून लक्ष ठेवावं लागेल, पुढे जास्त वेळा तपासू. भीती गेलेली नाही. सकाळी आधी तळवेच बघते. मुदत उलटली तरी बघते.

तुझ्यावरचा राग आहे. तो पत्रात मावणारा नाही. तू नीट बरा हो आणि सगळी मुदत पाळून, सगळ्यांना सांगून, इकडे ये. समोर बसवून रागवायचंय. शैलेंद्रलाही रागवायचंय, त्याची तयारी चालू आहे. चकल्या संपल्या आहेत.

आणि एक काम कर. शांताल अजून तिथेच आहे ना? तिला माझ्याबद्दल काही सांगू नकोस. माझं बाळ हलतंय हे तिला कुणीही सांगू नये. तिच्याजवळ जरा बसून ये. काही बोलू नकोस, काही विचारू नकोस. नुसता बस.

तुझी,
ताई